दफ्तर मी जाळले

परमेश्वराला स्मरून, आणि माझ्या उशाशी बसलेल्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात, मी कस्टन्स पेकमन, मयत गिल्बर्ट पेकमन छपरे शाकारणारा याची विधवा, धंदा बिअर गाळणे, वय पंचावन्नच्या पुढेमागे, राहणार ब्रॅकन्हो, परगणा एसेक्स, हे मृत्युपत्र करून ठेवते. पायांची सूज गुडघ्यांच्या वर चढली आहे आणि चार पावले चालले की धाप लागते. डोके मात्र शाबूत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायला कोणी धजेल असे मला वाटतही नाही.

मला लिहिता येत नाही. मी बोलते आणि आमच्या चर्चचे पाद्री पिअर्स लिहितात. वाक्ये त्यांनी खुशाल नीटनेटकी करावीत, पण अर्थाला हात लावू नये. प्रत्येक कलम लिहून झाले की ते मला वाचून दाखवतात आणि मी होकार दिल्याशिवाय पुढचे सुरू होत नाही.

मागच्या वर्षी संत मायकेलच्या सणानंतर मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लिखाणाने रद्द समजावे. त्यात हॅमो ब्रून याला मी शाप दिला होता आणि तो शाप माझ्या अंत्यविधीच्या दिवशी भर चर्चमध्ये वाचावा असे सांगितले होते. ते ज्यावर लिहिले ते चामडे पाद्रीबाबांनी माझ्यासमोर चुलीत घालावे. (घातले. — पिअर्स)

पहिले कलम देहाविषयी. मला ब्रॅकन्होच्या चर्चच्या उत्तरेला, माझ्या आईशेजारी पुरावे. नवऱ्याशेजारी पुरा असे मला म्हणता येत नाही. त्याला स्टॅनबरच्या फाशीच्या माळावर नेमके कुठे गाडले ते मला कोणी दाखवले नाही, आणि विचारले तेव्हा पहारेकरी हसला.

दुसरे. राहते घर, मागची सफरचंदाची पाच झाडे आणि ओढ्याकाठची जमिनीची पट्टी मला माझ्या वडिलांकडून आली. ती सगळी माझी मुलगी सबिना हिची. मृत्युपत्रावर विसंबून राहिले असते तर कारभाऱ्याने हजार खुसपटे काढली असती. म्हणून गेल्या महिन्यातच मी खुर्चीत बसून जहागिरीच्या कचेरीत गेले, जमिनीचा ताबा सोडल्याची खूण म्हणून दोन कुळांच्या हातात रीतीप्रमाणे काठी दिली आणि सबिनाचे नाव दफ्तरात चढवून घेतले. कारकून लिहीत होता तेव्हा मी त्याच्या पाठीशी बसून होते. तो म्हणाला, "काकू, तुम्हाला वाचता येत नाही, मग बघताय काय?" मी म्हटले, "तुझा हात हलतोय की नाही, ते बघतेय." पुढे जे सांगणार आहे ते सांगण्याआधी हे काम उरकणे जरूर होते, नाहीतर ते ऐकून घर जप्त करायला कारभाऱ्याला निमित्त मिळाले असते.

तिसरे. बिअर गाळण्याची सगळी भांडी, म्हणजे मोठे तांब्याचे पातेले, दोन लाकडी पिंपे, गाळणीची टोपली आणि सातू भिजवायचा हौद, हेही सबिनाला. शेजारीण अ‍ॅनोरा, लोहाराची विधवा, हिने या आजारपणात माझे अंथरूण धुतले, तिला माझा लोकरी झगा आणि पितळी कढई. कढईचा एक कान निखळला आहे, ते तिला ठाऊक आहे. निखळला तेव्हा तिच्याच हातात होती.

चौथे. जुना कारभारी वॉल्टर स्क्रेक मेला. त्याचा मुलगा आज कारभारी आहे आणि ओढ्याकाठची माझी पट्टी विकत मागतो आहे. त्याला ती कोणत्याही भावाने देऊ नये. त्याच्या हंसांनी नऊ वर्षे माझे वाटाणे खाल्ले. हंसांना मी माफ करते.

पाचवे. फेनली गावच्या चर्चला माझ्याकडून मेणबत्तीसुद्धा जाऊ नये. कारण पुढे येईल.

सहावे कलम लांब आहे, आणि त्याच्यासाठीच मी हे सगळे करते आहे.

चोवीस वर्षांपूर्वी, ज्या उन्हाळ्यात दर माणशी बसवलेल्या डोईपट्टीवरून सगळा परगणा उठला, त्या वर्षीच्या जून महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या जहागिरीच्या वाड्यावर माणसे चालून गेली. निम्मी बाहेरगावची होती, निम्मी आमची. आंगणात शेकोटी पेटली आणि जहागिरीचे दफ्तर, म्हणजे चामड्याच्या शेसव्वाशे गुंडाळ्या, तिच्यात जळाल्या. ते दफ्तर गिल्बर्ट पेकमन याने बाहेर काढून जाळले असे कोर्टाच्या कागदांत लिहिलेले आहे, आणि त्यासाठी त्याला फाशी झाली.

ते दफ्तर मी जाळले. मी कस्टन्सने.

त्या वाड्यात मी दर आठवड्याला बिअरची पिंपे पोचवत असे. गुंडाळ्यांची पेटी भांडारघराच्या मागे, पिठाच्या कणग्यांखाली असते हे बाहेरून आलेल्यांना माहीत नव्हते. ते वरच्या मजल्यावर गाद्या फाडत बसले होते. मी सरळ भांडारघरात गेले, कणग्या लोटल्या, लाटण्याने कुलूप फोडले आणि झग्याच्या ओच्यात गुंडाळ्या भरभरून आंगणात आणल्या. सात खेपा केल्या. शेवटच्या खेपेला माझे पुढचे केस होरपळले.

का जाळले हेही लिहा. त्या गुंडाळ्यांत माझा आजा जहागिरीचा बांधील गुलाम म्हणून नोंदलेला होता, म्हणून माझा बाप तसा, म्हणून मी तशी. माझे वडील वारले त्या दिवशी, प्रेत घरात असताना, जुन्या स्क्रेकने, बांधील माणूस मेला की त्याचे जनावर जहागीरदाराचे म्हणून, गोठ्यातली एकुलती दुभती गाय सोडून नेली. आई आडवी आली तर म्हणाला, "माझ्यावर कशाला ओरडतेस बये? दफ्तरात लिहिलंय." मी लग्न ठरवले तेव्हा परवानगी घ्यावी लागली, कारण दफ्तरात लिहिले होते. तेव्हापासून त्या पेटीवर माझा डोळा होता. मला कोणी चिथावले नाही. माझ्या डोक्यात भरवणारा कोणी पुढारी नव्हता.

गिल्बर्ट त्या दिवशी ब्रॅकन्होत नव्हताच. तो सात मैलांवर फेनलीला, चर्चच्या धान्याच्या कोठाराचे छप्पर शाकारत होता. त्या आठवड्यात तो तिथेच राहत होता आणि दुपारचे जेवण फेनलीचा पाद्री ल्यूक स्वतः त्याला वर शिडीवर नेऊन देई. रविवारी तो घरी आला. माझे केस पाहून म्हणाला, "हे काय झालं?" मी सगळे सांगितले. तो म्हणाला, "सगळ्याच्या सगळ्या जळल्या?" मी म्हटले, "सगळ्या." मग तो इतका हसला की सबिना जागी झाली. ती तेव्हा चार वर्षांची होती.

जुलैत सगळे उलटले. राजाचे न्यायाधीश हत्यारबंद स्वारांसह स्टॅनबरला येऊन बसले. प्रत्येक गावातून बारा पंच बोलावले आणि त्यांना सांगितले की दंगेखोरांची नावे द्या. नावे दिली नाहीत तर तुम्हीच त्यांच्यातले असे समजू. आमच्या गावच्या पंचांचा म्होरक्या होता हॅमो ब्रून. त्याची आणि आमची शेते लागून, गिल्बर्टचा तो लहानपणापासूनचा मित्र, आणि मी त्याला भावजी म्हणत असे. त्याने इतर चार नावांबरोबर गिल्बर्टचे नाव दिले. ती चार माणसे आधीच परगणा सोडून पळाली होती. पकडला गेला एकटा गिल्बर्ट.

पकडायला आले तेव्हा गिल्बर्ट घाबरलेला नव्हता. मला म्हणाला, "फेनलीच्या पाद्र्याला निरोप धाड. त्याने येऊन दोन शब्द सांगितले की परवा मी घरी." मी निरोप धाडला नाही, स्वतः गेले. पाद्री ल्यूक म्हणाला, "येतो, येतो. देवाच्या माणसाला खरं बोलायला काय भीती?" खटल्याच्या दिवशी तो आला नाही. मी पहाटे निघून पुन्हा फेनलीला पोचले, तर त्याने दार उघडले नाही. आतून म्हणाला, "कस्टन्सबाई, मला हिवताप भरलाय. आणि माझं चर्च तुमच्याच जहागीरदाराच्या देणगीवर चालतं, हे तुम्हाला ठाऊक आहे." मी म्हटले, "बाबा, तुम्ही त्याला शिडीवर जेवण नेऊन देत होता." हे पाचव्या कलमाचे कारण.

तिथून मी स्टॅनबरपर्यंत धावत गेले. पोचले तेव्हा दंगलीच्या खटल्यांतला गिल्बर्टचा शेवटून तिसरा होता आणि तो जवळजवळ आटोपला होता. मी गर्दीतून पुढे घुसले आणि ओरडले, "दफ्तर मी जाळलं! याने नाही, मी!"

कारकुनाने लेखणी उचलली. न्यायाधीशाने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "तू याची कोण?"

"बायको."

तेव्हा तो हसला. त्याच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, हेच मला आजही सलते. म्हणाला, "नवऱ्याला वाचवायला बाया काय काय बोलतात. आज सकाळपासून ही तिसरी. हिला बाहेर न्या, मारू नका."

मी ओरडत राहिले. पेटी कुठे होती ते सांगितले, कणग्यांचे सांगितले, केस दाखवले. कारकुनाने लेखणी परत दौतीत ठेवली. गिल्बर्ट कठड्यातून मोठ्याने म्हणाला, "महाराज, ही खुळी आहे. हिचं ऐकू नका." त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्याच दिवशी, उन्हे उतरायच्या आत, त्याला माळावर नेले.

वर्ष संपायच्या आत राजाने सगळ्यांना माफी दिली. पळालेले चौघे परत आले आणि आपापल्या शेतांत कामाला लागले.

स्क्रेकच्या माणसांनी गिल्बर्टची शिडी, कात्री, दंताळे, टोपीसुद्धा जप्त करून नेली. छप्पर शिवायची लाकडी सुई तेवढी मी झग्यात लपवली. ती सबिनाला.

यानंतर हॅमोविषयी. चोवीस वर्षे मी त्याला माझ्या दारात बिअर दिली नाही. नवी बिअर तयार झाली की मी दाराबाहेर डहाळी लावते आणि गाव येते. हॅमोही येई. प्रत्येक वेळी येई. मी त्याच्यासमोर मडके पालथे घाली आणि म्हणे, "तुझ्यासाठी संपली." तो मान खाली घालून परत जाई. सुरुवातीला लोक हसायचे. पुढे हसेनासे झाले. अ‍ॅनोरा एकदा म्हणाली, "अगं, त्याची बायको गेली परवा. आज तरी दे." मी दिली नाही. सबिनालाही मी शिकवले की या माणसाच्या सावलीत उभी राहू नकोस.

मागच्या वर्षीचा शाप लिहून झाल्यावर पाद्री पिअर्स म्हणाले, "लिहिलं, पण एक सांगू? ज्याला शाप द्यायचा त्याला एकदा तोंडावर विचारावं, की का केलंस." मी म्हटले, "विचारायचं काय त्यात? भेकड होता तो." ते म्हणाले, "मग तसं त्याच्या तोंडून ऐका." हे माझ्या डोक्यात वर्षभर घर करून राहिले. या ऑक्टोबरात मला अंथरुणावरून उठता येईना, तेव्हा मी अ‍ॅनोराला म्हटले, हॅमो ब्रूनला बोलावून आण.

तो दुपारी आला. टोपी हातात घेऊन दाराशीच उभा राहिला. मी विचारले, "बारा जणांत तुझीच जीभ का वळवळली? आमच्याच घराचं नाव का दिलंस?"

तो म्हणाला, "वहिनी, मी वचन दिलंय."

"कोणाला?"

"गिबला."

चोवीस वर्षांत त्या नावाने गिल्बर्टला हाक मारलेली मी ऐकली नव्हती. मी म्हटले, "तो मेलाय. मी चाललेय. वचन कोणासाठी सांभाळतोस आता?"

मग तो खाली बसला आणि त्याने सांगितले. वाड्यातल्या स्वयंपाकिणीने मला पेटीजवळ पाहिले होते आणि स्क्रेकला सांगितले होते. स्क्रेकने हॅमोला बजावले होते की दफ्तर जाळल्याच्या गुन्ह्यापुढे एक नाव हवेच, आणि ते पेकमनांच्या घरातले हवे. दुसऱ्या दिवशी तसे नाव वाचले नाही तर हॅमोचे स्वतःचे वाचले जाईल. हॅमो आम्हाला पळून जा म्हणून सांगायला आला. मी ओढ्यावर सातू धूत होते. घरी गिल्बर्ट भेटला.

हॅमोने सांगितलेले बोलणे मी त्याच्याच शब्दांत लिहवते. गिल्बर्ट म्हणाला, "पळून जायचं कुठं, चार वर्षांची पोर घेऊन? माझं नाव दे. मी त्या दिवशी फेनलीच्या छपरावर होतो, अर्ध्या गावाने बघितलंय. पाद्री साक्ष देईल, मी सुटेन. एकदा एका माणसावर खटला होऊन गेला की त्याच कागदांसाठी दुसऱ्याला कोण शोधतं?"

हॅमो म्हणाला, "आणि नाही सुटलास तर?"

"सुटेन रे. पण कस्टन्सला यातलं अक्षर सांगू नकोस. ती तडक जाऊन स्वतःच ओरडेल. शपथ घे."

हॅमोने शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने बायबलवर हात ठेवून खोटे नाव दिले, आणि त्यानंतर चोवीस वर्षे माझ्या दारात पालथे मडके बघायला येत राहिला. मी विचारले, "येत कशाला होतास?" तो म्हणाला, "वहिनी, आलो नसतो तर तुम्हाला वाटलं असतं की मला त्याचं काहीच नाही."

तीन दिवसांनी मी त्याला परत बोलावले आणि म्हटले, "भावजी, बसा." इतकेच जमले.

आता सगळे खरे लिहायचे म्हणून हेही लिहा. गिल्बर्टने मला विचारले नाही. माझ्या कामाची शिक्षा त्याने परस्पर उचलून नेली आणि भर कोर्टात मला खुळी ठरवले. त्याच्यामुळे मी जगले, माझी मुलगी मोठी झाली, हे मला कळते. तरी मला विचारायला हवे होते. वर भेट झाली तर पहिले भांडण यावरून होईल.

आणि हे लिहा की दफ्तर जाळल्याचा मला पस्तावा नाही. दुसऱ्या वर्षी स्क्रेकने नवे दफ्तर करायला गावातल्या दहा म्हाताऱ्यांना बोलावले आणि कोण बांधील होते, कोणाकडून काय येणे होते, ते सांगा म्हणाला. दहाही जणांची स्मरणशक्ती एकदम गेली. माझ्या वडिलांचा चुलता तर स्वतःचे नावही दोनदा विचारून घेत होता. नव्या दफ्तरात आमच्या घरापुढे बांधील हा शब्द नाही. सबिनाने लग्न केले तेव्हा कोणाची परवानगी मागितली नाही. फाशी व्हायची होती ती मला व्हायला हवी होती, हे एक, आणि कागद जळायलाच हवे होते, हे दुसरे. ही दोन्ही वाक्ये पाद्रीबाबांनी एकाखाली एक ठळक लिहावीत.

सातवे. हॅमो ब्रून याला माझ्या घरी नवी बिअर तयार होईल तेव्हा पहिले मडके द्यावे, तो जिवंत असेपर्यंत. सबिनाने स्वतःच्या हाताने द्यावे.

सबिनाला मी हे सगळे काल सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे बाबा तुझ्यासाठी गेले. आणि मी त्या म्हाताऱ्याकडे बघून थुंकत होते, तुझ्या सांगण्यावरून." मी हो म्हटले. ती बाहेर गेली आणि बराच वेळ लाकडे फोडत बसली, आठवडाभर पुरतील एवढी. परत आली तेव्हा हाताला फोड आले होते. म्हणाली, "घर माझ्या नावावर लागलंय ना पक्कं?" मी म्हटले, "पक्कं." ती म्हणाली, "मग लिहवून घे, आई. कारभाऱ्याला काय करायचं ते करू दे." माझ्यावरचा तिचा राग गेलेला नाही. तो तिचा हक्क आहे आणि तोही मी तिला देऊन जाते.

आठवे आणि शेवटचे. रीत अशी की मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. पाद्री पिअर्स आत्ताच म्हणाले, "कस्टन्सबाई, सहावे कलम तुमच्या अंत्यविधीनंतर वाचतो. तोवर तुम्ही सगळ्याच्या पलीकडे गेलेल्या असाल, तुम्हाला कोणी त्रास देणार नाही." मी त्यांना म्हटले, "बाबा, एकदा मी हेच जिवंतपणी सांगितलं तर कारकुनाने लेखणी खाली ठेवली. मेल्यावर सांगितलं तर म्हणतील, म्हातारी तापात बरळली." म्हणून सहावे कलम येत्या रविवारी, प्रार्थनेनंतर, लोक बाहेर पडण्याआधी, सगळ्या गावापुढे वाचावे. मला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे आणि लोकांकडे तोंड करून ठेवावे, म्हणजे ज्याला काही विचारायचे असेल त्याला मलाच विचारता येईल. कारभारी स्क्रेकला आगाऊ निरोप द्यावा आणि पुढच्या बाकावर जागा ठेवावी. खुर्ची उचलायला चार धडधाकट माणसे सबिनाने ठरवावीत. हॅमोभावजींचे गुडघे गेले आहेत, त्यांनी उचलू नये, शेजारून चालावे.

वर लिहिलेले सगळे मी ऐकले, ते माझेच आहे, आणि माझ्या खुणेने ते कायम करते.

कस्टन्स पेकमन, तिची खूण: ✕

साक्षीदार:
अ‍ॅनोरा, लोहाराची विधवा, तिची खूण: ✕
हॅमो ब्रून, शेतकरी, त्याची खूण: ✕ (सहावे कलम दोनदा वाचून घेतल्यावर, ते खरे आहे असे शपथेवर सांगून)

लिहिणार: पिअर्स, पाद्री, ब्रॅकन्हो चर्च

मुक्काम ब्रॅकन्हो, संत कॅथरिनच्या सणाचा आदला दिवस, राजा चौथा हेन्री याच्या राज्याचे सातवे वर्ष.